मामांच्या खोलीतली चिलटं

चिलट माने वहिनींच्या नाकात गेलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात वर होते आणि मी त्यांच्या छातीला टेप लावून उभी होते. त्या अशा काही शिंकल्या की माझ्या ओठांत धरलेल्या टाचण्या खाली सांडल्या आणि माप पुन्हा पहिल्यापासून घ्यायची वेळ आली.

"हेमा, हे काय गं घरात?" नाक पुसत त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी चहात पडलं. आज नाकात. तुझ्याकडे यायचं म्हणजे आता तोंड बांधून यायला पाहिजे."

"हवा बदलली की होतात, वहिनी."

"आमच्याकडे नाही वाटतं बदलली हवा," त्या म्हणाल्या.

मी खाली वाकून टाचण्या गोळा करायला लागले. लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्यांच्या पुतणीच्या लग्नातले सगळे ब्लाउज माझ्याकडे होते. अशा गिऱ्हाइकाला उलटून बोलता येत नाही. पण आतून माझा नुसता जळफळाट होत होता. वहिनींवर नव्हे, चिलटांवर. गेला महिनाभर त्या मोहरीएवढ्या काळ्या किड्यांनी माझा जीव नको केला होता. मशीनचा दिवा लावला की आलीच भोवती नाचायला. पांढऱ्या अस्तरावर एक बसलं आणि चुकून हात लागला की पडला काळा डाग. एकदा तर शिवणीतच एक अडकलं, आणि ते त्या बाईला घरी गेल्यावर सापडलं. तिनं मला फोन करून सांगितलं, तेही हसत हसत. मला ते हसणं जास्त लागलं.

आमचा फ्लॅट सांगलीत, विश्रामबागेच्या मागच्या बाजूला. मधे हॉल, त्यात माझं मशीन आणि कापडं. बायका यायच्या, सोफ्यावर बसायच्या, पडद्यामागे ब्लाउज घालून बघायच्या. हॉलच्या एका अंगाला मामांची खोली, आणि संडास-बाथरूम बरोबर समोरच्या अंगाला. बिल्डरनं काय डोकं लावून बांधलं होतं देव जाणे.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी मामा गॅलरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण धरून उठवल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. त्यात एक किडनी आधीपासूनच बारीक झालेली. हाड जुळून येतंय तोवर लघवीला जंतू झाले. औषधानं बरे झाले आणि परत झाले. तेव्हापासून डॉक्टर बोरगावे एकच धोशा लावून होते, की पाणी भरपूर पाजा, पाणी कमी पडलं तर ही उरलेली किडनीपण जाईल आणि मग डायलिसिसशिवाय गत्यंतर नाही.

त्यामुळे मी पाण्याच्या मागेच लागले होते. साधं पाणी, जवाचं पाणी, आणि सकाळी रात्रभर भिजवलेल्या धण्यांचं पाणी. तांब्या भरून मामांच्या उशाशी ठेवायचा, वर ग्लास पालथा घालायचा. येता-जाता ग्लास भरून हातात द्यायचा. मामांनी कधी नाही म्हटलं नाही. परत गेले की ग्लास रिकामा. तांब्यासुद्धा रिकामा. मला बरं वाटायचं, की माणूस शहाणा आहे, ऐकतो.

झाडंही मीच त्यांच्या खोलीत ठेवली होती. माणूस दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहणार, त्याच्या डोळ्यांना काहीतरी हिरवं नको का? खिडकीला डासांची जाळी कायमची ठोकलेली, बाहेरचं धड दिसायचं नाही. म्हणून पलंगाच्या उशाला मोठा पाम, त्याच्याशेजारी पीस लिली, आणि खिडकीच्या कट्ट्यावर मनीप्लांट नि सिंगोनियम. आणि चिलटं निघत होती नेमकी त्याच कुंड्यांतनं. कुंडीला धक्का लागला की मातीतनं धूर उठावा तशी उठायची.

मी काय काय केलं नाही? मोबाइलवर बघून बघून डोळे गेले. दालचिनीची पूड टाकली, घरभर पुलावाचा वास सुटला. कडुलिंबाचं तेल फवारलं, तर मामांना मळमळायला लागलं. पिवळे चिकट कागद आणून काड्यांना लावून कुंड्यांत रोवले. त्यावर चिलटं चिकटली खरी, पण दुसऱ्या दिवशी वाकून केर काढताना माझी वेणीपण चिकटली. मातीवर वाळूचा थर दिला. शेवटी कुणीतरी लिहिलं होतं म्हणून बटाट्याच्या चकत्या कापून मातीवर ठेवल्या. त्यांच्या अळ्या म्हणे बटाटा खायला वर येतात. सकाळी चकती उलटली, तर खालून बारीक पांढऱ्या, काळ्या तोंडाच्या अळ्या वळवळत होत्या. मला तिथंच शहारा आला.

मामा पडल्या पडल्या बघत होते. "चिलटांनापण नाष्टा घालतीस?" त्यांनी विचारलं.

"मारायला घालते मामा."

"मग कांदा-कोथिंबीर तरी घाल वरनं. शेवटचं जेवण आहे त्यांचं."

मला हसायची इच्छा नव्हती, तरी हसू आलं. तसे ते मोजकंच बोलायचे, पण बोलले की असं.

नर्सरीवाल्याकडे गेले, तर त्यानं एका वाक्यात निकाल लावला. "पाणी जास्त होतंय ताई. माती ओली राहिली की ही होणारच. दोन आठवडे थेंब टाकू नका. बोट खुपसून बघा, माती कोरडी लागली तरच पाणी."

ठीक आहे म्हटलं. त्या दिवसापासून मी झारीला हातसुद्धा लावला नाही. आठवडा गेला. पामच्या कुंडीत बोट खुपसलं, तर चिखल. दुसरा आठवडा गेला, तरी चिखल. लिलीच्या खालच्या ताटलीत तर पाणी साचलेलं. खिडकीच्या कट्ट्यावरच्या दोन्ही कुंड्या मात्र वाळून कडक झालेल्या. माझं डोकंच फिरलं. मी सोडून कोणीतरी त्या दोन कुंड्यांना पाणी घालत होतं.

पहिला संशय मंगलवर. ती झाडू-फरशीला यायची. फरशीचं उरलेलं पाणी कुंडीत ओतायची सवय खूप जणींना असते. मी तिला धरलंच.

"मंगल, मामांच्या खोलीतल्या झाडांना पाणी घालतेस का गं?"

"न्हाई ताई."

"खरं सांग. मी काही बोलणार नाही."

"बोलणार न्हाई म्हणताय आन् डोळं मोठं करून बघताय," ती म्हणाली. "मला माझ्या घरच्या तुळशीला पाणी घालायला सवड न्हाई. तुमच्या कुंड्या कशाला भिजवू मी?"

"मग फरशीचं पाणी कुठं टाकतेस?"

"मोरीत टाकते. ही बादली घ्या, हितनं पुढं तुम्हीच टाका." बादली माझ्या पुढ्यात आपटून ती तरातरा निघून गेली, आणि दोन दिवस आली नाही. माझ्या कामाच्या ऐन गर्दीत फरशीपण माझ्याच गळ्यात पडली.

मग ह्यांची पाळी. आमचे हे एका कंपनीत स्टोअरला होते, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. रात्री जेवताना विचारलं, तर म्हणाले, "त्या खोलीत किती झाडं आहेत तेसुद्धा मला सांगता येणार नाही. मी कशाला पाणी घालू?"

"मग घालतंय कोण? भूत?"

"तू विसरून घालत असशील."

हे वाक्य ऐकून मी ताटावरून उठले. माझ्या हातून कधी एक टाका चुकत नाही, आणि मी म्हणे विसरून झाडांना पाणी घालते. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. चिलटांपायी नवराबायकोचं बोलणं बंद होतं, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

शेवटी मी वैतागून सगळ्या कुंड्या उचलायला घेतल्या. म्हटलं गॅलरीत उन्हात मरू देत. जगली तर जगली. पाम ओढत दारापर्यंत नेला, तोच मामा मागनं म्हणाले, "असू दे की गं."

मी वळून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी तसाच प्यायचे.

"चिलटं होतात मामा. गिऱ्हाइकं बोलतात मला."

"होय, पण..." ते जरा थांबले. "उशाशी असलं की बरं वाटतं. मोठं झाड तेवढं राहू दे."

मी विरघळले. पाम परत उशाशी गेला. लिलीपण परत तिथंच ठेवली. चिलटं तर होतीच.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. रिक्षातनं उतरवून, वॉकर धरून, कसंबसं आत नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि चष्म्यावरनं माझ्याकडे बघितलं.

"क्रिएटिनिन परत वाढलंय. पाणी पितात का हे?"

"पितात. मी स्वतः देते."

"किती?"

"तांब्यावर तांबे देते डॉक्टर. शिवाय जवाचं, धण्याचं वेगळं."

"आणि लघवीला किती वेळा जातात?"

इथं मी अडखळले. कारण मलाही तीच भीती लागून राहिली होती. सकाळी कामावर जायच्या आधी हे मामांना न्यायचे, संध्याकाळी आल्यावर हेच न्यायचे. मधे दुपारी बायका यायच्या आधी मी एकदा विचारायची, तर बहुतेकदा नको म्हणायचे. एवढं पाणी आत जातंय आणि बाहेर काही येत नाही, म्हणजे किडनीनं काम सोडलं की काय, या विचारानं माझी झोप उडाली होती. मी तसं सांगितलं.

डॉक्टरांनी मामांचे पाय दाबून बघितले. "सूज नाही," ते म्हणाले. "पाणी जातंय, बाहेर येत नाही, आणि अंगावर सूजही नाही. हे जुळत नाही. नक्की पितात ना?"

"मी खोटं बोलते का डॉक्टर?"

"तसं नाही म्हणालो मी. काका, पिता ना पाणी?"

"पितो की," मामा म्हणाले.

"मग महिनाभर बघू. असंच वाढत राहिलं तर डायलिसिसची तयारी ठेवावी लागेल."

परतताना रिक्षात मामांनी विचारलं, "ते मशीनवर रक्त धुतात तेच ना?"

"हो."

"आठवड्यातनं किती खेपा?"

"दोन. कधी तीन."

"कोण नेणार?"

"मी नेणार. दुसरं कोण आहे?"

त्यांनी तोंड बाहेर वळवलं. मला वाटलं, घाबरले. घरी आल्या आल्या मी धण्याचं पाणी दुप्पट केलं. त्यांनी तेही निमूटपणे घेतलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माने वहिनी ब्लाउज घालून बघायला आल्या होत्या. त्यांच्या पाठीला टाचण्या लावून मी त्यांना आरशासमोर उभं केलं आणि इस्त्रीचे ब्लाउज आणायला मामांच्या खोलीत गेले. कपाट त्यांच्याच खोलीत होतं. मामांनी डोळे मिटले होते. जाता जाता सवयीनं पामच्या कुंडीत बोट घातलं. चिखल होताच. शिवी हासडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात वाळूतनं वर आलेले बारीक हिरवे कोंब दिसले. दोन-दोन लांबट पानं, आणि काहींना मधनं कातरलेलं तिसरं पान फुटलेलं. पाच-सहा तरी होते. आधी वाटलं गवत असेल. पान चुरगळून वास घेतला.

कोथिंबीर.

मला खुदकन हसू आलं. घरात बसून पामच्या कुंडीत कोथिंबीर. कोणी पेरली म्हणून मी हसत हसत मागे वळले, आणि उशाशी ठेवलेला ग्लास दिसला. तळाशी चार धणे चिकटलेले. गाळणी मोडल्यापासून मी पाणी वरवर निवळून द्यायची, तळाचे दोन-चार धणे ग्लासात यायचेच.

माझं हसू तिथंच थांबलं. एक एक गोष्ट आपोआप जुळत गेली. पलंगावरनं हात पोचेल अशा त्या दोनच कुंड्या ओल्या होत्या. मला रडू येईल असं वाटलं. नाही आलं. मला राग आला.

एक कोंब मुळासकट उपटला आणि पलंगाशी जाऊन उभी राहिले. "मामा, उठा."

त्यांनी डोळे उघडले.

"हे काय आहे?"

त्यांनी चाचपडून चष्मा लावला. "कोथिंबीर दिसते."

"कोणी पेरली?"

"तुझी झाडं. मला काय विचारतीस?"

"मामा, तुम्ही पाणी पीत नाही."

"पितो की."

"मग ही काय माझ्या मशीनच्या तेलावर उगवली?"

ते खिडकीच्या जाळीकडे बघत राहिले. हॉलमधनं माने वहिनींचा आवाज आला, "हेमा, मला टोचतंय गं, काढू का?"

"थांबा वहिनी," मी ओरडले.

"हळू बोल," मामा म्हणाले. "बाहेर बाई आहे."

"असू दे बाई. तिकडं डॉक्टर मला खोटी समजतोय. मंगलला मी नको नको ते बोलले. ह्यांच्याशी अबोला धरला. महिनाभर त्या किड्यांच्या मागं धावून जीव मेटाकुटीला आला माझा. आणि तुम्ही इथं पडल्या पडल्या किडनी घालवायला बसलाय. का? तेवढं सांगा मला. का?"

"पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून झाडाला..."

"मामा."

चादरीची कड चिमटीत धरून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "दिवसभर बाहेर बायका बसलेल्या असतात."

"मग?"

"मग काय मग? पाणी प्यायलं की जावं लागतं. मी हाक मारायची, तू कुणाच्या तरी अंगावर टेप लावून उभी असणार, ते टाकून तू यायचं. मला धरून त्या बायकांमधनं न्यायचं. त्या बिचाऱ्या तोंड फिरवून बसतात, मी बघतो ना. आणि आत गेल्यावर..." ते थांबले. "आत गेल्यावर पायजम्याला हात तुझाच लागतो."

माझा राग मात्र गेला नव्हता. "म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं?"

"सवय आहे गं. सांगलीतनं गाडी काढली की स्वारगेटला उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचो नाही. भरलेली गाडी आपल्या एकट्यासाठी थांबवायची? तीस वर्षं तशीच काढली."

"तेव्हा तुम्हाला दोन किडन्या होत्या."

मी पलंगाखाली वाकले आणि हॉस्पिटलमधनं आणलेलं लघवीचं प्लास्टिकचं भांडं बाहेर काढलं. आणलं होतं तसंच कोरं करकरीत. "मग हे तरी का नाही घेतलं? झोपल्या जागी होतं."

"ते कोण ओतणार?"

"मी ओतणार."

"तेच," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तेच नको मला. सुनेनं सासऱ्याची घाण काढायची? आमच्यात नाही तसलं. त्यापेक्षा ती किडनी गेलेली बरी."

"आणि सासऱ्यानं सुनेची काढलेली चालते?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मला ते बोलायचं नव्हतं. इतकी वर्षं बोलले नव्हते, ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. पण आता तोंडातनं निघालंच होतं.

"आपली ईश्वरी जन्मली तेव्हा," मी म्हटलं. "मिरजेच्या दवाखान्यात. सीझर झालेलं, मला कूस बदलता येत नव्हती. आत्याबाई जेवायला खाली गेल्या होत्या. वॉर्डातली मावशी भांडं देऊन गेली ती परत आलीच नाही. हाका मारून मारून मी दमले. आणि तुम्ही डबा घेऊन आलात."

मामांचा हात चादरीवर होता तिथंच थांबला.

"दारात थोडा वेळ उभे राहिलात. मग डबा खाली ठेवलात. तोंड भिंतीकडे केलंत, हात पुढं करून भांडं काढलंत, पिशवीतला पेपर त्याच्यावर झाकलात आणि घेऊन गेलात. धुऊन आणून पलंगाखाली ठेवलंत. आणि बाहेर जाऊन बाकावर बसलात. आत्याबाई आल्यावर त्यांना म्हणालात, आत्ताच आलोय."

ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तू झोपली होतीस."

"झोपले नव्हते."

"डोळे मिटलेले होते तुझे."

"मिटून घेतले होते मामा. दुसरं काय करणार होते मी?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला. मी तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी घेतलं. मी तिथंच उभी राहिले. ते एक एक घोट करत ग्लास संपेपर्यंत प्यायले. मी दुसरा भरला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि तोही प्यायले.

चिलटांचं म्हणाल तर माती वाळली तशी ती आपोआप गेली. दालचिनी नको, बटाटा नको, काही नको. मंगलला मी लुगडं दिलं आणि तिनं मला ऐकवायचं ते सगळं ऐकवून मगच ते घेतलं. पुढच्या रिपोर्टला डॉक्टर बोरगावे म्हणाले, आता औषध लागू पडलं बघा. मी हो म्हटलं. मामा पुढं बरीच वर्षं जगले, आणि त्या रक्त धुवायच्या मशीनची वेळ त्यांच्यावर आली नाही. हॉलमधनं आणखी एक आडवा पडदा टाकून मी बायकांना एका बाजूला बसवायला लागले, म्हणजे मधनं वाट मोकळी राहायची. ते भांडं मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हॉलमध्ये तो आडवा पडदा नव्हता. माने वहिनी पाठीला टाचण्या लावलेल्या अवस्थेत तशाच उभ्या होत्या. मी त्यांच्या बाहीची शिवण उसवायला घेतली. अर्धीच झाली असेल, तोच आतनं आवाज आला.

"हेमा."

मी कात्री ठेवली आणि आत गेले. मामा पाय खाली सोडून बसले होते. त्यांना धरून उठवलं. वॉकर पुढं सरकवत, पाय उचलून टाकत आम्ही खोलीच्या दाराबाहेर आलो. माने वहिनी घाईघाईनं डोक्यावर पदर घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या. मामा क्षणभर थबकले. त्यांच्या दंडाला मी धरलं होतं. पण ओढलं नाही. मग त्यांनीच वॉकर उचलून पुढं टाकला.

बाथरूमचं दार मी पायानं लोटलं. एका हातानं त्यांनी भिंतीतला दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं नाडी सोडायला बघितली. गाठ निघेना. बोटं नुसतीच फिरत राहिली. मी पुढं झाले, तसे त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मी गाठ सोडली आणि त्यांच्या पाठीला हाताचा आधार देऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.